सदरहू कायदा आणि आमची ऐरण

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं म्हणतात. आम्ही कुठं चढायला गेलो होतो? कोर्टच आमच्या समोरच्या घरात राहायला आलं. नाशकातली तांबटांची आळी ती. उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत तिथं हातोड्या चालायच्या, आणि हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तिथं एका वकिलानं घर विकत घेतलं, आणि घेतल्यावर त्याच्या ध्यानात आलं की इथं आवाज होतो! या एका गोष्टीवरून कुणीही त्याच्या अकलेचा अंदाज बांधला असता. मीही बांधला, आणि सपशेल चुकले. अक्कल त्याला भरपूर होती. जे नव्हतं ते कोर्टात कुणी विचारत नाही.

मी येवल्याची, तांबटाचीच मुलगी. शेजारी पैठण्यांचे माग, घरात हातोड्या, त्यामुळे आवाजाशिवाय घर असतं हे मला लग्नापर्यंत माहीत नव्हतं. वडिलांनी हौसेनं चौथीपर्यंत शिकवलं, तेव्हा आळीतल्या बायका त्यांना हसल्या. सासरी मी, माझे यजमान आणि मामंजी, एवढीच माणसं. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. यजमान कशीबशी सही करत, मामंजींचा अंगठा. घरात वाचता येणारी मी एकटी, म्हणून आलेलं पत्र, पावती, जाहिरात, सगळं माझ्याकडे. माजघराच्या दाराआड पदर सावरून उभं राहायचं आणि वाचायचं. मामंजींना ऐकू कमी यायचं. जन्मभर ऐरणीशी बसलेल्या तांबटाला तो आजार चुकत नाही. त्यामुळे वाचायचं ते ओरडून. सगळ्या आळीला आमची पत्रं पाठ असत.

ओट्यालगतच्या खोलीत आमचं काम चाले. जमिनीत एक जाड लाकडी ठोकळा पुरलेला होता, त्यावर ऐरण. मामंजींच्या आजोबांनी पुरलेला तो ठोकळा. घर त्याच्याभोवती नंतर बांधलं, असं मामंजी सांगत, आणि मला ते खरं वाटे, कारण घरातली कुठलीच भिंत सरळ नव्हती, ठोकळा मात्र सरळ होता. हंडे, कळश्या, घंगाळं, आणि यात्रेकरूंसाठी गंगेचं, म्हणजे गोदेचं, पाणी न्यायचे छोटे गडू. मागच्या अंगणात भट्टी.

आता तो वकील. गोरा, स्वच्छ, हळू बोलणारा. आवाज त्यानं कधी चढवला नाही, आणि म्हणूनच मला त्याचा अधिक राग येई; चढवला असता तर चार शब्द मलाही सुनावता आले असते. माडीवर त्याची बैठक. जिना अरुंद, म्हणून त्याचे अशील आमच्या ओट्यावर बसत, आमच्या रांजणातलं पाणी पीत, आणि पानाच्या पिचकाऱ्या आमच्याच पायरीशी टाकत. त्यांच्या बैलगाड्या आमच्या दारात. आम्ही कुणावर दावा लावला नाही. आवाजाचा त्रास मात्र त्याला! आधी त्यानं गडी पाठवला. मग स्वतः आला. "शेट, जरा समजून घ्या. सकाळी माझी माणसं येतात, त्यांचं बोलणं मला ऐकू येत नाही." मामंजी म्हणाले, "मलाही कुणाचं येत नाही, वकीलसाहेब. पण माझं अडत नाही." तो हसला आणि गेला. पंधरवड्यानं उपद्रवाच्या दाव्याची धमकी आली.

जातीतल्या वडीलधाऱ्यांनी मध्ये पडून मिटवायचं ठरवलं. मिटवायचं म्हणजे कागद करायचा. कागद कोण करणार? वकिलानंच करून दिला, आपल्या हातानं, फुकट. त्याच्या मोठ्या मनाचं आळीभर कौतुक झालं. कोंबड्यानं कोल्ह्याकडून कुंपण बांधून घ्यावं आणि वर त्याचे आभार मानावेत, तशातली गत. पण हे मी आज म्हणते. तेव्हा मीही त्याच्या बायकोकडे वाटीभर लाडू पाठवले होते.

त्या तडजोडपत्राचं वाचन मला आजही आठवतं. पहिलं अर्धं पान नुसतं बारसं. मामंजी म्हणजे 'लिहून देणार'. वकील म्हणजे 'लिहून घेणार'. आमचं घर म्हणजे 'सदरहू घर', आमचं ठोकणं म्हणजे 'सदरहू काम'. शहाण्या माणसाच्या घरात ऐरणीला ऐरण म्हणतात. इथं प्रत्येक वस्तूला आधी नवं नाव द्यायचं, आणि मग पुढं त्या नावाशिवाय बोलायचं नाही. आणि मग आलं 'सदरहू कायदा'. शहरातल्या उपद्रवी धंद्यांविषयीचा अमुक सालचा अमुक नंबरचा कायदा, यापुढे या कागदात त्याला 'सदरहू कायदा' असे म्हटले आहे. जोवर सदरहू कायदा अमलात आहे तोवर लिहून देणार याने लिहून घेणार कोर्टात जाण्यास निघेपर्यंत सकाळी सदरहू काम करू नये. लिहून घेणार याने दावा करू नये. एकदा जरी मोडले तरी ऐरण सदरहू घरातून कायमची हलवावी.

मी वाचून थांबले. मामंजी म्हणाले, "नंबर परत वाच."

मी ओरडून वाचला. त्यांनी तो तोंडातल्या तोंडात घोळवला.

"आणि साल?"

तेही वाचलं.

"म्हणजे त्या एवढ्या कायद्यापुरतं. ठीक आहे." आणि अंगठा दिला.

वकील तेव्हा काही बोलला नाही. माझ्या डोळ्यांसमोर तो अजून बसलेला आहे, गुडघ्यावर पांढराशुभ्र हात ठेवून. मामंजी काय समजून अंगठा देताहेत हे त्याला दिसत होतं. एक शब्द बोलला असता तर. नाही बोलला.

मामंजींनी नंबर का विचारला, हे तांबटाच्या घरात वाढलेल्यालाच कळेल. जुनं फुटकं भांडं, म्हणजे मोड, घेऊन लोक यायचे आणि वरची मजुरी देऊन नवं भांडं न्यायचे. प्रत्येक भांड्यावर मालकाचं नाव घातलेलं असे; कुणाची आजी, कुणाचं गाव, कुठल्या लग्नातला आहेर, सगळं टिंबाटिंबांनी कोरलेलं. आमच्या घरची रीत अशी की मोड भट्टीत टाकायच्या आधी ते नाव मालकाला शेवटचं वाचायला सांगायचं, आणि मग त्याच्या डोळ्यांदेखत ऐरणीवर ठेवून ठोकून सपाट करायचं. तांबं आटलं, भट्टीत वितळलं, की नाव आटलं. त्याच तांब्याचं नवं भांडं झालं, तरी त्यावर जुनं नाव आपोआप उमटत नाही. ज्याला हवं त्यानं परत यायचं, परत घालून घ्यायचं. या रीतीमुळे आमच्या दुकानात कधी 'हा हंडा माझ्या आजीचा' असं भांडण झालं नाही. मामंजींच्या लेखी कायद्याचा नंबर म्हणजे भांड्यावरचं नाव. हा कायदा आटला, की कागदावरचं हे नावही आटलं.

कागद झाला आणि आमच्या सकाळी गेल्या. तांबं तापवून मऊ करायचं आणि मग ठोकायचं, हे काम सकाळच्या गारव्यातलं. आता बापलेक हात बांधून बसायचे. आळीत दोन्हीकडे हातोड्या चालू, मधलं आमचंच घर मुकं. इतरांचा आवाज वकिलाला कसा चालायचा, देव जाणे. म्हणे लांबचा आवाज त्रास देत नाही. तो जेवून, विडा खाऊन, उपरणं सारखं करून निघायचा तोवर उन्हं चढलेली. भर उन्हात भट्टीशी बसून यजमानांच्या पाठीवर घामोळ्या उठत. मी रात्री चंदन लावायची आणि त्या माणसाला शिव्या द्यायची. यजमान म्हणत, "हळू. त्याला ऐकू येतं." मी म्हणायची, "यावं म्हणूनच देते."

तशात सिंहस्थ जवळ आला. बारा वर्षांनी येणारं पीक ते. येणारा प्रत्येक जण गंगेचं पाणी गडूत भरून, तोंड बंद करून घरी नेणार. सगळी आळी पहाटेपासून गडू घडवत होती, आणि आमच्या घरी अर्धा दिवस सुतक.

एका सकाळी ओट्यावर लासलगावकडचा एक अशील बसला होता. बांधाचं भांडण घेऊन आलेला, बडबड्या. मामंजींना रिकामं बसलेलं पाहून त्यानं कारण विचारलं. यजमानांनी कागदाची हकिकत सांगितली. तो म्हणाला, "त्यो कायदा? त्यो तर रद्द झाला की! आता दुसराच आलाय. लय बोलत हुते वर परवा. जुना नाय राह्यला आता."

मामंजींना ते ऐकू गेलं नाही. यजमानांनी कानात सांगितलं. त्यांनी त्या माणसाकडून दोनदा वदवून घेतलं. तरी विश्वास ठेवला नाही. यजमानांना कोर्टाबाहेरच्या अर्ज लिहिणाऱ्याकडे पाठवलं. त्यानंही सांगितलं की होय, त्या सालचा त्या नंबरचा कायदा सरकारनं रद्द केला, जागी नवा केला. यजमान घरी येऊन हे सांगत होते तेव्हा मी दाराआड उभी होते. मामंजींनी डोळे मिटले. मग म्हणाले, "आटलं. नव्यावर नाव घालून घ्यायला तो आपल्याकडे आलाय का? नाही ना? मग झालं."

मलाही ते पटलं. का पटू नये? साधी, सरळ, हातात धरता येण्याजोगी गोष्ट होती ती.

दुसऱ्या दिवशी मामंजींनी पहाटे अंघोळ केली, ऐरणीला हळदकुंकू वाहिलं, आणि बसले. पहिला ठोका पडला तेव्हा मी चुलीशी होते. शेजारच्या तांबटांनी हातोड्या थांबवून कान दिले, आणि मग सगळ्यांनी एकदम सुरू केलं. वकील माडीच्या कठड्याशी आला. बोटाला मंजन, तोंड पांढरं. त्यानं खाली बघितलं. ओरडला नाही, हात केला नाही. नुसता हसला आणि आत गेला. पण मामंजी मान खाली घालून ठोकत होते, आणि त्यांचा चेहरा इतका सुखाचा मी त्याआधी पाहिला नव्हता.

त्यानं आम्हाला खुशाल ठोकू दिलं. आठवडाभर ठोकू दिलं. दारातून जाताना 'काय शेट, जोरात काम?' असंही विचारलं. आणि या सगळ्या दिवसांत कोण अशील किती वाजता माडीवर होता आणि त्यानं काय ऐकलं, हे तो टिपत होता. मग नोटीस आली: कागद मोडलात, ऐरण हलवा. मी ती वाचली, ओरडून, आणि आळीतल्या हातोड्या थांबल्या.

आम्हीही एक वकील केला. पलीकडच्या गल्लीतला, तरुण, कोटाच्या बाह्या झिजलेला. माणूस वाईट नव्हता. मामंजींचं म्हणणं त्यानं शेवटपर्यंत ऐकलं, मग कपाळ चोळलं.

"शेट, कायदा रद्द झाला हे खरं," तो म्हणाला. "पण रद्द करून त्याच विषयाचा नवा केला, की जुन्याचं नाव जिथं जिथं असेल तिथं तिथं नव्याचं समजायचं."

"कुठं लिहिलंय? या कागदात?" यजमान म्हणाले.

"कागदात नाही."

"मग नव्या कायद्यात?"

"त्यातही लिहायची गरज नाही. ते तिसऱ्याच कायद्यात आहे. कायदे कसे वाचायचे, त्याचा एक वेगळा कायदा आहे."

मी तोवर दाराआड होते. तिथून तशीच बोलले, मामंजींसमोर, परक्या पुरुषाशी, आयुष्यात पहिल्यांदा. "म्हणजे आम्ही अंगठा दिला एका कायद्याच्या नावानं, आम्हाला धरलं दुसऱ्यानं, आणि धरायला सांगितलं तिसऱ्यानं? त्या तिसऱ्याचं नाव तरी होतं का कागदात?"

"नव्हतं, बाई. ते असावं लागत नाही."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण ज्यानं केली त्याला कोर्टाचा अनुभव असणार.

पण आशा वेडी असते. आमचा वकील म्हणाला, एक वाट आहे: तांब्याचं काम उपद्रवी धंद्यात मोडतच नाही, असं दाखवता आलं तर आपण सुटू. नव्या कायद्यात बघू, 'उपद्रवी धंदा' कशाला म्हटलंय. बघितलं. तिथं लिहिलं होतं की या शब्दांचा अर्थ पूर्वीच्या कायद्यात जो होता तोच समजावा. झालं! ज्याला रद्द केलं, ज्याचं नाव पुसलं, शब्दाचा अर्थ विचारायला परत त्याच्याच दारात! मग जुना कायदा बघायला हवा. तो आमच्या वकिलाकडे नव्हता. रद्द झाला म्हणून त्यानं ते पुस्तक चिवडेवाल्याला रद्दीत दिलं होतं. म्हणजे त्याचीही समजूत मामंजींसारखीच, फक्त ती इंग्रजी शिकून झालेली.

गावात ते पुस्तक जपून ठेवणारा एकच माणूस निघाला. आमच्या समोरचा. आमचा वकील त्याच्या माडीवर जाऊन ते मागून घेऊन आला. त्यानं ते दिलं, आनंदानं दिलं, आणि बरोबर चहाही दिला. त्यात होतं: ज्या कामानं शेजाऱ्यास आवाज, वास वा धूर यांचा त्रास होतो असा कुठलाही धंदा. वाट तिथंच संपली.

तारखेला मला कोर्टात जावं लागलं. बायकांनी जायची रीत नव्हती, पण मामंजींना परक्याचं बोलणं कळेना, आणि माझा आवाज त्यांच्या कानाला सरावलेला. मी पदर पुढं ओढून त्यांच्याशेजारी उभी राहिले. समोरच्यानं प्रश्न विचारायचा, मी तो मामंजींच्या कानाशी ओरडायचा. आमच्या समोरच्या वकिलानंच विचारलं, "सकाळी काम केलंत का?" मामंजी म्हणाले, "केलं." "कागद ठाऊक असताना?" मामंजी म्हणाले, "तो कागद ज्याच्या नावावर होता, ते नाव आटलं."

न्यायाधीशांनी विचारलं, म्हणजे काय? आणि मामंजींनी सांगितलं. मोड कशी येते, नाव कसं वाचून घ्यायचं, कसं सपाट करायचं, आणि नव्या भांड्यावर नाव हवं तर माणसानं परत येऊन घालून घ्यायला लागतं. हातवारे करून सांगितलं, अभिमानानं सांगितलं, दुकानात गिऱ्हाइकाला सांगत तसं. बाकांवरचे वकील एकमेकांना कोपरानं ढोसायला लागले. मग कुणीतरी खुदकन हसलं आणि सगळे हसले. आमचा समोरचा हसला नाही. त्यानं माफक मान डोलावली, जणू म्हाताऱ्याचं बोलणं त्याला आवडलं. त्या डोलावण्यापेक्षा मला इतरांचं हसणं परवडलं.

न्यायाधीश समजुतीनं म्हणाले, "आजोबा, भांडं वेगळं आणि कायदा वेगळा."

मामंजींनी माझ्याकडे वळून विचारलं, "काय म्हणाले?"

आणि मला त्या भरल्या कोर्टात ओरडावं लागलं, "भांडं वेगळं, कायदा वेगळा म्हणतात!" लोक परत हसले, या खेपेला मला. मामंजी नाही हसले. त्यांनी थोडा विचार केला आणि खालच्या आवाजात मला म्हणाले, "वेगळा असेल. पण मग त्यानं मला नंबर कशाला वाचून दाखवला?" ते न्यायाधीशांना सांगायला मी तोंड उघडलं, पण कारकुनानं पुढचा पुकारा केला होता.

निकाल जसा लागायचा तसा लागला. ऐरण हलवायची.

ठोकळा उपटायला आळीतले सगळे धावून आले. पहार लावून लावून जमीन फोडली तरी तो हलेना. शेवटी मुळाशी करवतीनं कापला. कापताना मामंजी तिथं नव्हते. मागच्या अंगणात भट्टीसमोर, खोलीकडे पाठ करून बसले होते, आणि त्यांना ऐकू येत नाही याबद्दल मी देवाचे आभार मानले. गावाबाहेर, रस्त्याकडेला पत्र्याची शेड घेतली. तिथं ना सावली, ना गिऱ्हाईक. यात्रेकरू आळीत येत आणि आमच्या बंद खोलीवरून पुढच्या घरी जात. मामंजी शेडमध्ये रोज जायचे, यजमानांनी तापवून दिलेला पत्रा हातात घ्यायचे, आणि परत ठेवून द्यायचे. म्हणायचे, इथं ठोका बसत नाही. नव्या ठोकळ्यात काही खोट नव्हती. यजमानांचे ठोके बसत होते.

संध्याकाळी मला कागद वाचायला सांगायचे. सगळा. बारशापासून. मी वाचायची. "यात कुठं आहे, नवा तो जुना समजावा म्हणून?" मी म्हणायची, "नाही." "मग परत वाच." मी परत वाचायची. समोरच्या माडीत दिवा असायचा, आणि माझा शब्द न् शब्द तिथं पोचत असणार. एकदाही खिडकी लागली नाही. तेवढा आवाज त्याला चालत होता.

सिंहस्थ संपायच्या आत मामंजी गेले. आजार असा नव्हताच. त्या माणसानं मारलं असं मी म्हणत नाही, कारण तसं म्हटलं तर तो मला विचारेल, 'मारणे' या शब्दाचा अर्थ कुठल्या कायद्यातला घेतलात? पण मी मनात काय म्हणते ते माझं मला ठाऊक आहे.

तो आला होता तेराव्याला. हात जोडून उभा राहिला, 'जुन्या वळणाचा माणूस गेला' म्हणाला. मी त्याला पाणी दिलं नाही. यजमान रागावले. रागावोत.

पुढच्या वर्षी मला मुलगा झाला. घरात पुन्हा थोडं बोलणं-हसणं सुरू झालं. आणि एक दिवस यजमान म्हणाले, "ज्यानं लिहून दिलं तो गेला. आता कागद कुणावर चालणार? दसऱ्याला ऐरण घरी आणू." त्यांच्या डोळ्यांत मला मामंजी दिसले, आणि मी घाबरले. म्हटलं, "आधी विचारून या."

ते त्याच झिजलेल्या बाह्यांच्या वकिलाकडे गेले. परत आले. कागद काढला, माझ्या हातात दिला, आणि वरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. शंभरदा ओरडून वाचलेली ती ओळ; अर्थ तेव्हा मनात शिरला नव्हता. मी वाचलं. 'लिहून देणार' या शब्दात तो स्वतः, त्याचे मुलगे, नातू, वालीवारस, जे हल्ली आहेत ते व जे पुढे होतील ते, सर्व समजावेत.

यजमान म्हणाले, "म्हणजे मी." मी म्हटलं, "तुम्ही एकटेच नाही." बाळ माझ्या मांडीवर दूध पीत होतं.

मी उठले. पदर सावरला नाही, चपला घातल्या नाहीत. मुलाला कडेवर घेऊन गल्ली ओलांडली आणि तो अरुंद जिना चढले. आत अशील बसले होते. वकिलानं चष्म्यावरून पाहिलं.

"हा पण का?" मी विचारलं. "हा लिहून देणार?"

त्याला क्षणात कळलं, काय विचारते ते. त्यानं मुलाकडे पाहिलं. "वारस म्हटलं की तोही आला," तो म्हणाला, नेहमीच्या हळू आवाजात. मग, रीतभात त्याला होतीच, म्हणून त्यानं विचारलं, "नाव काय ठेवलं?"

"तुम्हीच ठेवलंत," मी म्हटलं. "हा जन्मायच्या आधी."

त्यावर तो निरुत्तर झाला, असं लिहायला मला फार आवडलं असतं. इतकी वर्षं मी ही गोष्ट सांगताना कधी कधी तसं सांगतेही. पण तसं झालं नाही. त्यानं टाक दौतीत बुडवला, निथळला, आणि एखाद्या अडाणी अशिलाला समजावून सांगावं तसं म्हणाला, "जन्मायच्या आधीच लिहून ठेवावं लागतं, बाई. नंतर कुणी लिहून देत नाही." आणि मग त्यानं पुढच्या माणसाला जवळ बोलावलं.